‘फॅकल्टी’ला मराठीत काय म्हणावं? विद्याशाखा, अध्यापकवर्ग, संकाय की आणखी काही

बारावीचे निकाल लागले की कोकणातल्या महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका छापखान्याच्या वाटेला लागतात. त्यांतल्या काहींचा इंग्रजी मजकूर मराठी करण्यासाठी माझ्याकडे येतो. या मजकुरात दरवर्षी सगळ्यांत जास्त अडणारा शब्द म्हणजे फॅकल्टी. पहिल्या पानावर तो एका अर्थाने येतो, अभ्यासक्रमांच्या तक्त्यात दुसऱ्या अर्थाने, आणि प्राचार्यांच्या मनोगतात विद्यार्थ्यांच्या ‘सुप्त फॅकल्टीज’ जागवायच्या असतात तेव्हा तिसऱ्याच. घाईत मराठी करणारा एक प्रतिशब्द पकडतो आणि तोच सगळीकडे बसवतो. मग ‘आमची विद्याशाखा अनुभवी व मनमिळाऊ आहे’ असं वाक्य छापून येतं आणि वर्षभर लोकांच्या हातात फिरतं.

ज्यांना हा शब्द मराठीत लिहायचा आहे त्यांच्यासाठी ही तुलना केली आहे. महाविद्यालयाचं संकेतस्थळ सांभाळणारे कारकून, पुस्तिका लिहिणारे प्राध्यापक, भाषांतर करणारे यांना ती उपयोगी पडेल. प्रवेशअर्ज भरताना ‘अदर फॅकल्टी’ या दोन शब्दांशी थबकणाऱ्या विद्यार्थ्यालाही पडेल. माझं मत आधीच सांगते. एका शब्दाने भागत नाही आणि भागवूही नये. विषयांची विभागणी सांगायची असेल तर विद्याशाखा. शिकवणारी माणसं असतील तर अध्यापक. मनाची किंवा शरीराची शक्ती असेल तर नामाच्या मागे न लागता वाक्यच मराठी वळणाने लिहायचं. संकाय मराठीत आणायचं कारण मला दिसत नाही. आणि ‘फॅकल्टी’ तशीच ठेवायची वेळ फार क्वचित येते.

एकाच शब्दात इतके अर्थ आले कसे

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यावरून ‘फाकिलिस’, म्हणजे करता येण्याजोगं, सोपं. आणि त्यावरून ‘फाकुल्तास’, म्हणजे करण्याची ताकद. ‘फॅसिलिटी’ आणि ‘फॅकल्टी’ ही या घरातली जुळी भावंडं, आणि ‘डिफिकल्टी’ ही त्यांचीच उलट्या अर्थाची बहीण. फॅक्ट आणि फॅक्टरी हेही याच कुळातले. रोमन लोक वक्तृत्वशक्तीला ‘बोलण्याची फाकुल्तास’ म्हणत. पण त्यांच्याकडेच हा शब्द आणखी दोन दिशांना गेला होता. एक म्हणजे संधी, काही करायला मिळणं. दुसरी म्हणजे साधनं, मालमत्ता, ऐपत. ताकद, संधी आणि ऐपत हे तिन्ही अर्थ लॅटिनमध्ये एकत्र नांदत होते.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ‘फाकेरे’चं मूळ आणि संस्कृतातला ‘धा’ धातू, म्हणजे ठेवणे, धारण करणे, हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्राचीन मुळाचे फाटे आहेत. इंग्रजीतलं ‘डू’सुद्धा त्याच मुळाचं. आता ‘धा’पासून आपल्याकडे आलेले शब्द पाहा: संधी, निधी, विधी, विधान, समाधी, श्रद्धा. लॅटिनमधल्या एका शब्दाला जे अर्थ होते, त्यांतले संधी आणि साधनसंपत्ती हे दोन आपण ‘संधी’ आणि ‘निधी’ असे वेगळे करून त्याच धातूपासून घडवले. प्रतिशब्द निवडायला याचा थेट उपयोग नाही, पण एक गोष्ट यातून दिसते. या कुळातला एक शब्द सगळे अर्थ घेऊन चालतो, तिथे मराठीची रीत प्रत्येक अर्थाला आपला शब्द देण्याची आहे. ती रीत मोडायची गरज नाही.

विद्यापीठाचा अर्थ मध्ययुगात आला. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात चार गट स्थिरावले: कला, धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक. कायदा म्हणजे तिथे चर्चचा कायदा, कारण रोमन दिवाणी कायदा पॅरिसमध्ये शिकवायला १२१९ साली पोपने बंदी घातली होती. कला हा पायाचा गट. तो पुरा केल्यावर पुढच्या तिघांपैकी एकात जाता येई. एका विषयात शिकवण्याचा अधिकार आणि ताकद ज्यांच्याकडे आहे, अशा लोकांचा हा संघ. म्हणून ताकदीचं नावच त्या विषयाला आणि त्या संघालाही पडलं. ‘फॅकल्टी’ हा शब्द क्षमतेच्या अंगणातून विद्यापीठात शिरला तो असा, आणि विषय व माणसं या दोन्ही अर्थांचं बीज तेव्हाच पडलं.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस दिसतो, ताकद आणि ज्ञानशाखा अशा दोन्ही अर्थांनी. संपूर्ण महाविद्यालयातल्या शिकवणाऱ्यांना मिळून ‘फॅकल्टी’ म्हणणं मात्र बरंच नंतरचं, १७६७ च्या सुमाराचं. हा अर्थ अमेरिकेत रुजला. ब्रिटनमध्ये आजही फॅकल्टी म्हणजे प्रामुख्याने विषयांचा मोठा गट, आणि शिकवणारे म्हणजे स्टाफ. अमेरिकेत फॅकल्टी म्हणजे शिकवणारी माणसं.

आपला घोळ नेमका इथे आहे. आपली विद्यापीठं लंडनच्या नमुन्यावर उभी राहिली. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याच्या आरंभीच्या विद्याशाखा चार: कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी. पॅरिसच्या चौकडीतलं धर्मशास्त्र गेलं आणि त्या जागी पूल, रस्ते, कालवे बांधणारं शास्त्र आलं, एवढ्या एका बदलात त्या काळाच्या राज्यकर्त्यांना काय हवं होतं ते कळतं. विज्ञानाची वेगळी विद्याशाखा तेव्हा नव्हती. मालवणला जन्मलेले आणि रत्नागिरीत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ साली या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत होते, ते कला विद्याशाखेतून. म्हणजे विद्यापीठाच्या कायद्यात आपल्याकडे ब्रिटिश अर्थ मुरला आहे. क्लासच्या जाहिरातीत, खासगी संस्थांच्या संकेतस्थळांवर आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या महाविद्यालयांत मात्र अमेरिकन अर्थ आला. एकाच पुस्तिकेत दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं असतं.

विद्याशाखा की संकाय, आणि नुसती ‘शाखा’ का नको

विषयांच्या गटासाठी ‘विद्याशाखा’ हा शब्द महाराष्ट्रात पक्का रुजला आहे. विद्यापीठ कायद्याची भाषा तीच, पदवीदान समारंभात घोषणा तीच, वर्तमानपत्रांची भाषाही तीच. विद्याशाखेचा प्रमुख, इंग्रजीतला ‘डीन’, तो अधिष्ठाता, हेही ठरलेलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने पूर्वीच्या अनेक विद्याशाखा एकत्र करून चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. ‘आंतरविद्याशाखीय’ हे विशेषण उच्चारायला जड वाटलं तरी अर्थाला नेमकं आहे आणि ‘विद्याशाखा’ पाठ असलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. चांगल्या पारिभाषिक शब्दाची ही एक कसोटी मानते मी: त्याच्यापासून पुढचे शब्द घडतात का? विद्याशाखेपासून घडतात.

‘संकाय’ हा हिंदी विद्यापीठांचा शब्द. ‘कला संकाय’, ‘विधि संकाय’ असे फलक उत्तरेत सर्वत्र दिसतात. शब्द म्हणून तो वाईट नाही. ‘काय’ म्हणजे शरीर, समूह. तेव्हा माणसांचा संघ हा जुना अर्थ त्यात विद्याशाखेपेक्षा जास्त आहे, हे मान्य करायला हवं. केंद्रीय संस्थांच्या हिंदी मजकुरावरून किंवा यंत्राने केलेल्या भाषांतरातून तो हल्ली मराठी पानांवर उतरतो. पण लांज्याच्या किंवा कणकवलीच्या मुलीला ‘संकाय’ वाचून काहीही समजत नाही आणि समजणारा शब्द हाताशी आहे. नवा शब्द आणायचा तर जुन्यात काहीतरी उणं असावं लागतं. इथे ते नाही.

खरी गफलत होते ती ‘शाखा’ आणि ‘विद्याशाखा’ यांत. अकरावीला आपण विज्ञान शाखा, वाणिज्य शाखा म्हणतो. अभियांत्रिकीला गेलेला मुलगा ‘कुठली शाखा?’ला ‘यंत्र’ किंवा ‘संगणक’ असं उत्तर देतो. बँकेचीही शाखा असते. बोलताना सगळं चालून जातं. लिहिताना नाही. आणि ‘विभाग’ ही तिसरी पायरी आहे: भौतिकशास्त्र विभाग, मराठी विभाग. विद्याशाखेच्या पोटात अनेक विभाग असतात. इंग्रजीतही फॅकल्टी आणि डिपार्टमेंट यांत हेच नातं आहे.

हा फरक नुसता काटेकोरपणाचा नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात जो पदवीचा आराखडा २०२३ च्या शासन निर्णयाने आला, त्यात खुला ऐच्छिक विषय हा मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. भौतिकशास्त्र मुख्य घेतलेल्या विद्यार्थ्याला वाटतं, रसायनशास्त्र वेगळं आहे, तोच घेऊ. विभाग वेगळा आहे, पण विद्याशाखा एकच. त्याला वाणिज्याकडचं किंवा मानव्यविद्येकडचं काही घ्यायला हवं. अर्जाच्या मराठी सूचनेत ‘दुसऱ्या विभागाचा विषय निवडा’ असं लिहिलं असेल तर मुलगा चुकीच्या रकान्यात खूण करतो, आणि मग कार्यालयाच्या खिडकीशी रांग लागते. तळकोकणात गावातून महाविद्यालयाला येणारी पोरं एसटीच्या वेळा सांभाळून येतात. एका शब्दापायी त्यांची आणखी एक फेरी होते. म्हणून अशा सूचनेत मी ‘विद्याशाखा’ तर लिहितेच, शिवाय लगेच खाली चारही विद्याशाखांची नावं आणि त्या महाविद्यालयात कुठल्या विद्याशाखेत कुठले विषय येतात ते छापायला सांगते. प्रतिशब्द बरोबर असला तरी पहिल्या वर्षाच्या मुलाला तो नवाच असतो.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं थोडं वेगळं आहे. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं हे विद्यापीठ कृषी विद्यापीठांच्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं. तिथे विद्याशाखा म्हटलं की कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, मत्स्यविज्ञान अशी नावं येतात. शिवाय महाविद्यालयाच्या प्रमुखाला तिथे प्राचार्य म्हणत नाहीत, सहयोगी अधिष्ठाता म्हणतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रमुखही अधिष्ठाताच. त्यामुळे ‘डीन’ दिसला की ‘विद्याशाखेचा अधिष्ठाता’ असं डोळे मिटून लिहू नये. तो माणूस विद्याशाखा सांभाळतो की एक महाविद्यालय, ते आधी पाहावं.

माणसं असतील तेव्हा

‘अवर फॅकल्टी’ या शीर्षकाखाली मुलांचा आणि पालकांचा डोळा सगळ्यांत आधी जातो, आणि सगळ्यांत ढिसाळ मराठी तिथेच असतं.

पर्याय बरेच आहेत. ‘शिक्षकवृंद’ कानाला गोड, पण त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेचा वास आहे: ‘आपले नम्र, मुख्याध्यापक व शिक्षकवृंद’. महाविद्यालयाच्या पुस्तिकेत तो परका वाटतो. ‘प्राध्यापकवर्ग’ बोलण्यात सगळ्यांत जास्त चालतो. ‘प्राध्यापक’ या शब्दाला रत्नागिरीचा एक धागा आहे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तिथून त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, आणि महापौर, दिनांक यांच्याबरोबर प्राध्यापक हा शब्दही त्यांच्या नावावर सांगितला जातो. तो इतका मुरला की महाविद्यालयात शिकवणारा प्रत्येक जण लोकांच्या तोंडी ‘प्रा.’ झाला. पण सेवेच्या नियमांत सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक या तीन पायऱ्या आहेत. त्यामुळे अधिकृत मजकुरात सगळ्यांना मिळून ‘अध्यापक’ म्हणणं जास्त प्रामाणिक. ‘अध्यापकवर्ग’ हा माझ्या पसंतीचा शब्द. आणि शीर्षक लहान हवं असेल तर नुसतं ‘आमचे अध्यापक’ पुरतं. फॅकल्टी हा समूहवाचक शब्द आहे म्हणून मराठीतही ‘वर्ग’ किंवा ‘वृंद’ जोडलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे अनेकवचन आहे, ते वापरावं.

‘फॅकल्टी’ तशीच ठेवण्याच्या बाजूचा युक्तिवादही ऐकण्यासारखा आहे. मुलं तोच शब्द बोलतात, जाहिरातीत तोच असतो, समजतो सगळ्यांना. स्पर्धापरीक्षांच्या क्लासच्या फलकांवर ‘अनुभवी फॅकल्टी’ हे आता नेहमीचंच. मराठीत तर हा शब्द एका माणसालाही लागू झाला आहे: ‘ती आमच्याकडे केमिस्ट्रीची फॅकल्टी आहे.’ बोलीने शब्द असा वळवून घेतला तर त्यात गैर काही नाही. माझा विरोध शब्दाच्या इंग्रजी असण्याला नाही. स्टाफरूमला मी स्टाफरूमच म्हणते, ‘अध्यापक कक्ष’ असं दारावर लिहिलं तरी चहा मागवताना कोणी तसं म्हणत नाही.

विरोध आहे तो हा शब्द जे झाकतो त्याला. एका पुस्तिकेचा तक्ता माझ्यासमोर आला होता. चार रकाने: नाव, विषय, पात्रता, पद. ‘पद’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द, फॅकल्टी. मी विचारलं, यांतले पूर्णवेळ किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? उत्तर आलं, ‘ते लिहायची गरज नाही, फॅकल्टी म्हटलं की सगळे आले.’ तेच तर. महाराष्ट्रात वरिष्ठ महाविद्यालयांत घड्याळी तासिकेवर, म्हणजे सीएचबीवर शिकवणारी माणसं किती आहेत हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती मन लावून शिकवतात, अनेकजण नेट-सेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहेत, अनेकांकडे पीएचडी आहे. पण त्यांचे पैसे तासावर मिळतात आणि पुढच्या वर्षी ती तिथे असतील याची हमी त्यांनाच नसते. पालकाच्या दृष्टीने ही माहिती महत्त्वाची आहे: तीन वर्षं मुलीला प्रयोगशाळेत तोच माणूस भेटेल का? आणि शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तर ती त्याहून महत्त्वाची. ‘सहायक प्राध्यापक’, ‘तासिका तत्त्वावरील अध्यापक’, ‘अभ्यागत अध्यापक’ असे मराठी शब्द लिहिले की तक्त्याला खरं बोलावं लागतं. इंग्रजी शब्दाच्या आडोशाने ते टाळता येतं.

म्हणून प्रवेशासाठी महाविद्यालय निवडणाऱ्यांनाही सांगते: ‘फॅकल्टी’ असं मोघम लिहिलेलं दिसलं तर पद विचारा. विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

जोडशब्दांचं मात्र पटकन उरकता येतं. ‘गेस्ट फॅकल्टी’ आणि ‘व्हिजिटिंग फॅकल्टी’ म्हणजे अभ्यागत अध्यापक. ‘फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’ म्हणजे अध्यापक विकास कार्यक्रम. तिथे ‘विद्याशाखा विकास’ लिहिलेलं मी छापील प्रमाणपत्रावर पाहिलं आहे, आणि ते प्रमाणपत्र घेणाऱ्याने आठवडाभर नक्की कशाचा विकास केला ते वाचणाऱ्याला कळणार नाही. ‘फॅकल्टी मेंबर’ म्हणजे अध्यापक, बास. ‘अध्यापकवर्गाचा सदस्य’ अशी शेपटी जोडू नये.

मनाची फॅकल्टी

आता सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत अवघड अर्थ. इथे शब्दकोश ‘क्षमता’, ‘शक्ती’, ‘सामर्थ्य’ असं देतात. ते चूक नाही, पण तेवढ्याने मराठी होत नाही.

युरोपात या अर्थाचा पसारा मोठा आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलेन शरीरातल्या नैसर्गिक शक्तींबद्दल लिहितो: ओढून घेण्याची, धरून ठेवण्याची, पालटण्याची, बाहेर टाकण्याची. त्याच्या ग्रीक शब्दाला लॅटिनमध्ये ‘फाकुल्तास’ हाच प्रतिशब्द बसला. पुढे अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ क्रिस्तियान वोल्फ आणि त्याच्या परंपरेतल्यांनी मनाचे असेच कप्पे पाडले. इमॅन्युएल कांटच्या लेखनात तर दोन्ही अर्थ भेटतात. मनाच्या शक्तींवर त्याचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे, आणि १७९८ साली त्याने विद्यापीठातल्या विद्याशाखांच्या भांडणावरही एक पुस्तक लिहिलं. पण जर्मनमध्ये त्याला एकच शब्द वापरावा लागला नाही. विद्याशाखेला ‘फाकुल्टेट’ आणि मनाच्या शक्तीला ‘फेरम्योगन’. या दुसऱ्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे मालमत्ता, अगदी लॅटिनसारखाच. म्हणजे दोन अर्थांना दोन शब्द वापरल्याने तत्त्वज्ञान अडत नाही. मराठीनेही बिनधास्त दोन काय, चार वापरावेत.

आपल्याकडे या विचाराची स्वतःची परंपरा आहे आणि तिचे शब्द घरोघर आहेत. मन, बुद्धी, चित्त, अहंकार हे अंतःकरणाचे चार भाग. पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं. बौद्ध परंपरेत श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा ही पंचेंद्रियं. इंग्रजी भाषांतरात त्यांना ‘पाच फॅकल्टीज’ म्हणतात, आणि त्यांतले श्रद्धा व समाधी हे दोन शब्द वर सांगितलेल्या ‘धा’ धातूचेच. तात्त्विक मजकुरात ‘इंद्रिय’ हा शब्द फार उपयोगी आहे, फक्त तो डोळा-कान एवढ्यापुरता नाही हे वाचणाऱ्याला एकदा सांगावं लागतं. दृष्टी, श्रवण यांच्यासाठी ‘फॅकल्टी ऑफ साइट’चं ‘पाहण्याची क्षमता’ करू नये. ‘दृष्टी’ म्हणजे तीच. ‘फॅकल्टी ऑफ स्पीच’ म्हणजे वाचा. आजाराने माणसाची वाचा जाते. ‘बोलण्याची क्षमता नष्ट होते’ असं फक्त भाषांतरात होतं.

कोकणात ज्याने एखादं मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र वाचलं आहे त्याला या अर्थाचा सर्वांत पक्का मराठी शब्द ठाऊक आहे. घर, कलमांची बाग, समाईक विहीर, पायवाटेचा हक्क असं सगळं लिहून झाल्यावर माणूस लिहितो की हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे. इंग्रजी मृत्युपत्रात ‘सगळ्या फॅकल्टीज शाबूत असताना’ अशा धाटणीचं जे वाक्य येतं, त्याला ‘अक्कलहुशारीने’ हा एक शब्द पुरा पडतो. तो कायद्याच्या कागदात मुरलेला आहे आणि चुलीपाशी बसलेल्या आजीलाही कळतो. एका बाजूला ‘सर्व मानसिक क्षमता अबाधित असताना’ ठेवा आणि दुसऱ्या बाजूला ‘अक्कलहुशारीने’. निवडायला वेळ लागू नये.

मग येते ती उपजत किंवा कमावलेली जाण, ‘अ फॅकल्टी फॉर’ असं इंग्रजीत म्हणतात ती. इथे मराठीचं भांडार उघडंच आहे: हातोटी, कसब, नजर, जाण, आवाका, कुवत, धमक. यांतलं कुठलं, हे काम पाहून ठरतं. आंब्याच्या हंगामात झेला, म्हणजे फळं उतरवायची जाळी लावलेली काठी, घेऊन झाडावर चढलेल्या गड्याकडे पाहा. समोरचं फळ चौदा आणे, म्हणजे काढण्याइतपत, तयार आहे की अजून आठ दिवस ठेवायचं, हे तो देठाजवळच्या वर आलेल्या खांद्यांवरून आणि देठापाशी पडलेल्या खळग्यावरून ठरवतो, फांदीवर तोल सांभाळत, क्षणात. याला ‘निरीक्षणक्षमता’ म्हटलं तर अहवाल वाचल्यासारखं वाटतं. बागायतदार म्हणतो, ‘त्याची नजर आहे.’ आणि फळ न हिसडता झेल्यात अलगद देठासकट उतरवणं ही झाली हातोटी. एकाच माणसाच्या एकाच कामात दोन वेगळ्या फॅकल्टीज, आणि मराठीने दोघींना वेगळी नावं दिलेली.

अनेकदा नाम लागतच नाही. ‘तिला आकड्यांची फॅकल्टी आहे’ म्हणजे हिशेबात तिचं डोकं चालतं. ‘त्याच्यात माणसं जोडण्याची फॅकल्टी आहे’ म्हणजे त्याला माणसं जोडता येतात. ‘येणे’ हे साधं क्रियापद यासाठीच आहे: पोहता येतं, गाता येतं, वल्हवता येतं. लॅटिन ‘फाकिलिस’चा मूळ अर्थही तोच, करता येण्याजोगं. प्राचार्यांच्या मनोगतातल्या ‘सुप्त फॅकल्टीज’ना मी ‘अंगचे गुण’ लिहिते. ‘विद्यार्थ्यांच्या अंगचे गुण फुलावेत’ हे वाक्य कोणालाही दोनदा वाचावं लागत नाही.

फॅकल्टी आणि ‘अ‍ॅबिलिटी’, ‘स्किल’, ‘टॅलेंट’ यांत फरक करायचा तर तोही इथेच सांगते. स्किल शिकून येतं: कौशल्य, कसब. टॅलेंट सगळ्यांना सारखं मिळत नाही: प्रतिभा, उपजत गुण. अ‍ॅबिलिटी हा मोघम शब्द, त्याला क्षमता चालते. फॅकल्टी म्हणजे मुळात असलेली, एका विशिष्ट कामाची शक्ती. स्मृती, विवेक, कल्पना यांसारखी. म्हणून ‘रीझनिंग फॅकल्टी’ला ‘विवेक’ किंवा ‘विचारशक्ती’ बरोबर, ‘तर्ककौशल्य’ नाही.

कधीतरी भेटणारे अर्थ

भाषांतरकाराला आणखी तीन ठिकाणी हा शब्द चकवू शकतो. इंग्लंडच्या चर्चमध्ये इमारतीत फेरफार करायला जी परवानगी लागते तिलाही फॅकल्टी म्हणतात. तिथे ‘परवाना’ किंवा ‘अनुज्ञा’. स्कॉटलंडमधल्या बॅरिस्टरांच्या दर्जाच्या वकिलांची संघटना म्हणजे ‘फॅकल्टी ऑफ अ‍ॅडव्होकेट्स’. ही विद्याशाखा नव्हे, वकिलांचा संघ. आणि अमेरिकेतल्या जुन्या वसाहतींत ‘फॅकल्टी टॅक्स’ होता, माणसाच्या कमाईच्या ऐपतीवर बसवलेला कर. इथे ‘ऐपत’ हा शब्द इतका चपखल बसतो की लॅटिनमधला तो जुना अर्थ मराठीतच जास्त जिवंत वाटतो.

पुस्तिका लिहायला बसलेल्यांनी शेवटी एवढं करावं. मजकुरातली प्रत्येक ‘फॅकल्टी’ खुणावून घ्यावी आणि तिच्या जागी तोंडाने ‘विषय’, ‘माणसं’ आणि ‘शक्ती’ असे शब्द घालून पाहावेत. जो बसतो त्याच्या घरातला मराठी शब्द निवडावा. एखाद्या ठिकाणी दोन बसले, जसं ‘फॅकल्टी ऑफ फिशरीज’चा निर्णय असं लिहिलं असेल आणि निर्णय घेणारी सभा अध्यापकांची असेल, तर मूळ लिहिणाऱ्याला फोन करावा. ‘मत्स्यविज्ञान विद्याशाखेच्या अध्यापकांनी ठरवले’ असं लिहायला चार शब्द लागतात. ते लावावेत.